आगीविना आगगाडी

मराठीत आपण रेल्वेला आजही 'आगगाडी' म्हणतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली तेव्हा ती ओढणाऱ्या यंत्राच्या पोटात खरोखरच आग होती, आणि पाहायला जमलेल्यांना ती दिसतही होती. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ च्या अखेरीस संपली. शब्द मात्र मागे राहिला. शब्द असे मागे राहतातच. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती वेगळ्याच गोष्टीची. शब्दाबरोबर आपली दृष्टीही त्या जुन्या इंजिनापाशीच थांबली आहे.

आपल्या साहित्यातले आणि त्याहूनही आपल्या समीक्षेतले रेल्वे इंजिन हे बहुतांशी फलाटावरून पाहिलेले इंजिन आहे. धूर, शिट्टी, लयबद्ध धडधड, दूर जाणारा लाल दिवा. या सामग्रीवर आपण वेग, ताटातूट, परकी सत्ता, आधुनिकता अशा संकल्पनांची लेबले चिकटवतो आणि 'यंत्रप्रतिमा' या सदराखाली त्यांची नोंद करतो. मर्ढेकरांपासून यंत्रयुग हा आपल्या अभ्यासक्रमाचा ठरलेला विषय झाला आहे. त्यावर दरवर्षी उत्तरपत्रिका लिहिल्या जातात आणि तपासल्याही जातात. परंतु ज्या यंत्राविषयी आपण इतके बोलतो त्याच्या आत काय असते, कशाच्या शेजारी काय ठेवलेले असते आणि माणसाला त्यात कुठे बसवलेले असते, हा प्रश्न वर्गात विचारला गेल्याचे मला स्मरत नाही. मी स्वतःही तो अनेक वर्षे विचारला नव्हता.

या लेखात मला एक साधी बाजू मांडायची आहे. जुन्या डिझेल प्रवासी इंजिनांची अंतर्गत मांडणी हा वाचण्याजोगा मजकूर आहे. ती मांडणी निर्णयांनी बनलेली असते, आणि कुणाची गैरसोय चालेल व कुणाची चालणार नाही याचा हिशेब त्या निर्णयांत असतो. तो हिशेब वाचणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे असे मी मानतो. केवळ अभियंत्यावर सोपवून मोकळे होण्याइतके ते परके काम नाही.

प्रथम एक मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. वाफेच्या इंजिनात कार्यकारणभाव उघडा असतो. आग पाणी तापवते, वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो, आणि यातला दांडा व चाक तरी फलाटावरच्या लहान मुलालाही दिसतात. डिझेल-विद्युत इंजिनात ही साखळी झाकली जाते. डिझेल यंत्र चाकाला फिरवतच नाही. ते जनित्र फिरवते. जनित्रातून निघालेली वीज तारांनी खाली जाते आणि आसांवर बसवलेल्या मोटारी चाके फिरवतात. म्हणजे हे चाकांवर ठेवलेले एक लहानसे वीजघर आहे, आणि हे वीजघर जी वीज निर्माण करते तिच्यावर स्वतःच धावते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. त्याला एक पेटी सरकताना दिसते. प्रतिमेला दृश्य कारणांची गरज असते. डिझेल इंजिनाने ती कारणे पोटात घेतली आणि कवींनी त्याच्याकडे पाठ फिरवली, असे माझे अनुमान आहे. पुण्याच्या पुढे सोलापूरकडे किंवा मिरजेकडे जाणाऱ्या गाड्या कित्येक दशके डिझेलनेच ओढल्या. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाल्यापासून २०२२ साली तिचे विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत तिच्यावर डिझेलचेच राज्य होते. इतक्या साऱ्या प्रवासाचा ठसा आपल्या लेखनात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तिथेही अजून 'झुकझुक'च ऐकू येते.

प्रवासी डिझेल इंजिनाचे अभिजात रूप पाहायचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. जनरल मोटर्सच्या मालकीच्या इलेक्ट्रो-मोटिव्हने १९३७ पासून १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत 'ई' मालिकेची इंजिने बांधली. ती केवळ प्रवासी गाड्यांसाठी होती. यातल्या ई-१ या प्रकाराला सांता फे रेल्वेसाठी लेलंड निकरबॉकर या कलावंताने जे लाल-चंदेरी रूप दिले, मूळनिवासी योद्ध्याच्या शिरोभूषणाचा आभास देणारे, ते पुढे खेळण्यांच्या डब्यांवर आणि कॅलेंडरांवर जगभर गेले. रूप सर्वांना ठाऊक झाले. आत काय होते?

१९४९ पासून बांधल्या गेलेल्या ई-८ या प्रकाराचे उदाहरण घेऊ. लांबी सुमारे २१ मीटर. पुढे गोलसर, फुगीर नाक. त्याच्या मागे, उंचावर, चालकाची खोली. तिच्या पाठीमागे विजेच्या जोडण्यांचे कपाट. मग एकामागे एक अशी बारा-बारा सिलिंडरांची दोन डिझेल यंत्रे, प्रत्येकी ११२५ अश्वशक्तीची. आणि अगदी शेवटी, प्रवासी डब्यांना लागून, वाफ तयार करणारे बंब. यंत्रांच्या दोन्ही बाजूंनी चिंचोळे बोळ सोडलेले. बाजूच्या भिंतीत जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. त्यातून येणारा उजेड त्या बोळात पडे. गाडी धावत असताना कर्मचारी खोलीचे मागचे दार उघडून आत शिरू शके, धडधडणाऱ्या दोन यंत्रांच्या कडेने चालत शेवटपर्यंत जाऊ शके. एक यंत्र बिघडले तर ते बंद करून दुसऱ्यावर गाडी रखडत का होईना पुढच्या मोठ्या स्थानकापर्यंत नेता येई. दोन लहान यंत्रे की एक मोठे, हा निर्णय असा केवळ शक्तीचा नव्हता. अपयशाच्या शक्यतेला आधीच जागा करून ठेवण्याचा होता.

चाकांची रचनाही बोलकी आहे. पुढे-मागे तीन-तीन आसांचे दोन गाडे, आणि प्रत्येक गाड्यातला मधला आस मोटारीविना. तो काहीच ओढत नाही. केवळ भार वाटून घेतो आणि धावणे सुखाचे करतो. पुढच्या यंत्राची वीज एका गाड्याला, मागच्या यंत्राची दुसऱ्या गाड्याला. मालगाडीच्या इंजिनाला असा रिकामा आस परवडत नाही, कारण त्याला रुळावर जास्तीत जास्त पकड हवी असते. प्रवाशांच्या इंजिनाला वेग आणि सुखाचे धावणे अधिक महत्त्वाचे. रिकाम्या आसात असा प्रवासी गृहीत धरलेला आहे.

चालकाची खोली उंच आणि नाकाच्या मागे का? या मालिकेच्या आधीच्या प्रवाहरेखित गाड्यांत, उदाहरणार्थ २६ मे १९३४ रोजी डेन्व्हरहून शिकागोपर्यंत १३ तास ५ मिनिटांत धावलेल्या झेफिरमध्ये, चालक अगदी पुढच्या टोकाला बसे. धडक झाली तर पहिला आघात त्याच्यावर. शिवाय डोळ्यांखालून वेगाने सरकणाऱ्या स्लीपरांच्या ओळीने गुंगी आल्यासारखे होते, असाही चालकांचा अनुभव होता. म्हणून खोली मागे नेली, वर चढवली आणि पुढे नाक ठेवले. जे नाक आपण 'सौंदर्य' म्हणून पाहतो ते मुळात माणसाच्या आणि आघाताच्या मधले अंतर आहे. बाह्यरूपाचे सौंदर्य आणि आतली भीती एकाच पत्र्याच्या दोन बाजूंना असतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच सापडले.

आता त्या खोलीतल्या दोन आसनांकडे पाहू. अमेरिकेत उजवीकडचे चालकाचे, डावीकडचे फायरमनचे. डिझेल इंजिनात कोळसा टाकायचा नसतो. तरीही १९३७ च्या करारानुसार प्रवासी गाड्यांच्या डिझेल इंजिनांवर फायरमन ठेवणे रेल्वे कंपन्यांनी मान्य केले आणि त्याचे आसन मांडणीत कायम राहिले. पुढे याच आसनावरून अमेरिकेतला मोठा कामगार-वाद पेटला. १९६३ साली लवादाने मालगाड्या आणि यार्ड यांमधल्या फायरमनांच्या ९० टक्के जागा क्रमाक्रमाने रद्द करण्यास परवानगी दिली. आग विझल्यानंतरही आगवाला उरतो, आणि मग एके दिवशी त्याच्या खुर्चीचा हिशेब मागितला जातो. ही कथा कोणत्याही कादंबरीकाराने लिहिण्याजोगी आहे. तिचा पुरावा आजही त्या खोलीत, डाव्या बाजूला, गादीच्या रूपात शिल्लक आहे.

आणि गंमत पाहा. प्रवासी डिझेलमधली आग पूर्णपणे विझलेली नव्हतीच. ती फक्त पुढून मागे गेली होती. थंड प्रदेशात डबे गरम ठेवायला वाफ लागे. डब्यांतली सारी नळयोजना वाफेच्या काळातली. म्हणून डिझेल इंजिनाने आपल्या पोटात तेलावर चालणारा लहानसा बंब आणि त्यासाठी पाण्याची टाकी वागवली. ब्रिटनमध्ये १९६१-६२ साली आलेल्या 'डेल्टिक' प्रकारच्या २२ प्रवासी इंजिनांत हा बंब दोन डिझेल यंत्रांच्या मधोमध होता, म्हणजे ३३०० अश्वशक्तीच्या त्या अतिआधुनिक यंत्राच्या ऐन मध्यभागी जुने युग शिजत होते. नवे युग जुन्याला हद्दपार करून येते, असे आपण वाङ्मयेतिहासात बेधडक शिकवतो. प्रत्यक्षात नव्याला जुन्यासाठी खोली राखून ठेवावी लागते, आणि ती खोली कुठे आहे हे आतली मांडणी पाहिल्याखेरीज कळत नाही. साठोत्तरी साहित्याच्या पोटातला बंब कोणता होता, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांवर सोपवतो.

भारताकडे येऊ. आपल्याकडे मुख्य मार्गांवरचे पहिले मोठे डिझेल इंजिन, डब्ल्यूडीएम-१, अमेरिकेतल्या अल्को या कंपनीकडून १९५७ पासून आले. अशी १०० इंजिने आली. नावातला 'डब्ल्यू' ब्रॉडगेजचा, 'डी' डिझेलचा आणि 'एम' मिश्र कामाचा, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही ओढण्याचा. श्रीमंत देशाने प्रवाशांसाठी वेगळे यंत्र बांधले. आपल्याला एकाच यंत्राकडून दोन्ही कामे करून घ्यायची होती. रिकाम्या आसाची चैन त्यात नव्हती. सहाही आसांवर मोटारी होत्या. अंग बंदिस्त, यंत्राशेजारून जाणारी वाट आत, आणि चालकाची खोली एकाच टोकाला. हे शेवटचे आपल्याला फार गैरसोयीचे ठरले. परतीच्या प्रवासाला इंजिन फिरवून घ्यायचे किंवा दोन इंजिने पाठीला पाठ लावून जोडायची, याखेरीज सोयीचा मार्ग नव्हता.

म्हणून पुढचे इंजिन वेगळे निवडले गेले. डब्ल्यूडीएम-२. १९६२ पासून अल्कोकडून आले. वाराणसीच्या डिझेल कारखान्यात जोडलेले पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. ते 'कुंदन' या नावाने आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. मूळची अल्को कंपनी १९६९ मध्ये बंद पडली. आपण तिचे इंजिन त्यानंतरही अनेक दशके बांधत राहिलो. या एका प्रकाराची अडीच हजारांहून अधिक इंजिने झाली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या किंवा कल्याणच्या डिझेल शेडजवळून ज्याने प्रवास केला असेल त्याने ते पाहिलेले आहे, नाव ठाऊक नसले तरी.

याची मांडणी ई-८ च्या नेमकी उलट आहे. तिथे अंग रुंद आणि वाट आत. इथे अंग अरुंद आणि वाट बाहेर. खोलीच्या एका बाजूला आखूड पेटी, दुसऱ्या बाजूला लांब पेटी. कर्मचाऱ्यांच्या बोलीत 'शॉर्ट हूड' आणि 'लाँग हूड'. खोलीपासून लांब पेटीकडे जाताना क्रम असा: प्रथम जनित्राची खोली, मग २६०० अश्वशक्तीचे सोळा सिलिंडरांचे यंत्र, मग एक्स्प्रेसर, आणि टोकाला रेडिएटर व त्याचा पंखा. खाली, दोन गाड्यांच्या मध्ये, ५००० लिटरची तेलाची टाकी. यंत्रापर्यंत पोहोचायचे तर बाहेरच्या अरुंद फळीवरून चालत जाऊन पेटीची दारे उघडायची. दुरुस्तीला हे फार सोयीचे. शेडमधल्या कामगाराला सारे यंत्र दारे उघडताच समोर. परंतु धावत्या गाडीत, पावसात, रात्री, ती फळी म्हणजे काय असेल याची कल्पना करून पाहावी. ई-८ ने चालकमंडळींना छत दिले. डब्ल्यूडीएम-२ ने शेडला दारे दिली. दोन्ही निर्णयांना आपापली कारणे आहेत, आणि दोन्हींची किंमत वेगवेगळ्या माणसांनी मोजली.

'एक्स्प्रेसर' हा शब्द इंग्रजीच्या सर्वसाधारण कोशात शोधू नये. कॉम्प्रेसर आणि एक्झॉस्टर या दोन यंत्रांचा तो जोडशब्द आहे. एक हवा दाबते, दुसरे हवा खेचून घेते. आपल्या गाड्यांचे ब्रेक तेव्हा निर्वाताचे, म्हणजे व्हॅक्यूमचे होते, त्यामुळे नळीतली हवा सतत ओढून काढणारे यंत्र इंजिनावर असणे भाग होते. अमेरिकी इंजिनात शेवटी डब्यांसाठी वाफेचा बंब. आपल्या इंजिनात शेवटाकडे डब्यांसाठी निर्वाताचा पंप. आपल्याला ऊब नको होती, थांबण्याची हमी हवी होती. एका देशाचे हवामान आणि त्याचा वासाहतिक वारसा यंत्राच्या पोटातल्या एका खोलीत असा शेजारी-शेजारी वाचता येतो.

या मांडणीतला सर्वांत विलक्षण भाग चालकाच्या खोलीत आहे. खोली एकच, पण चालवण्याचे मेज दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरके ठेवलेले. आखूड पेटी पुढे असताना चालक एका मेजावर बसतो. लांब पेटी पुढे असताना वळून दुसऱ्यावर. दोन्ही वेळा तो प्रवासाच्या दिशेने डावीकडेच असतो. इंजिन फिरवण्याची गरज उरली नाही, माणूस फिरला. डब्ल्यूडीएम-१ च्या अडचणीवरचे हे उत्तर कागदावर अत्यंत देखणे आहे. पण लांब पेटी पुढे असेल तेव्हा चालकाच्या समोर काय असते? दहा मीटरांहून लांब, त्याच्या डोळ्यांइतकी उंच लोखंडी भिंत. तिच्या डाव्या कडेने जेवढे दिसेल तेवढेच त्याचे जग. उजवीकडे वळणाऱ्या मार्गावर तेही पेटीआड जाते. मग उजवीकडच्या खिडकीतून सहायक पाहतो आणि मोठ्याने सांगतो. चालक ते पुन्हा उच्चारतो. सिग्नलची ही हाक आणि तिचा प्रतिसाद रेल्वेच्या नियमांचाच भाग आहे, आणि तिची गरज इथे सर्वांत तीव्र होते. दोन माणसांनी मिळून एक दृष्टी तयार करायची, कारण मांडणीने ती दुभंगून ठेवली आहे. संवाद म्हणजे काय हे शिकवताना मी नाटकांची उदाहरणे देत आलो. यापुढे हेही देईन.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस याच प्रकारची काही इंजिने आखूड पेटी पूर्ण रुंदीची करून बांधली गेली. कर्मचाऱ्यांनी त्यांना 'जंबो' हे नाव दिले. म्हणजे मांडणी बदलता येत होती, आणि काही जणांनी ती बदलून पाहिलीही. लांब पेटीकडची बाजू मात्र तशीच राहिली.

याच खोलीत आणखी एक गोष्ट नव्हती. शौचालय. भारतीय इंजिनांत ते कधीच नव्हते, आणि तासन्‌तास चालणाऱ्या फेऱ्या करणाऱ्या माणसांच्या देहाचा हा विसर दशकानुदशके रेखाचित्रांतून पुढे सरकत राहिला. २०१६ मध्ये काही नव्या विद्युत इंजिनांत ते बसवण्यास सुरुवात झाली. तोपर्यंत साताऱ्याच्या सुरेखा यादव चालक म्हणून दीर्घकाळ काम करीत होत्या; त्या १९८० च्या दशकात रेल्वेत आल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. मुंबईच्या मुमताज काझी डिझेल इंजिने चालवत होत्या. त्यांना २०१७ साली नारी शक्ती पुरस्कार मिळाला. आपण त्यांच्या जिद्दीचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जिद्दीची गरज मुळात कुठून निर्माण झाली? ज्या खोलीत त्या बसल्या तिच्या आराखड्यात त्यांची कल्पनाच केलेली नव्हती. स्त्रीवादी समीक्षेने आपल्याला संहितेतली अनुपस्थिती वाचायला शिकवले. ती शिकवण आराखड्यालाही लागू पडते. किंबहुना तिथे अनुपस्थितीची मोजमापे मिलिमीटरमध्ये मिळतात.

इथे साहित्यशास्त्राचा एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळू नये. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाचा विचार करताना लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली, आणि लौकिक उपयोगापासून ती दूर ठेवली. इंजिनाच्या मांडणीत ही तिन्ही तत्त्वे अक्षरशः दिसतात. समतोल तर अपरिहार्यच: डब्ल्यूडीएम-२ चे सुमारे ११३ टन वजन सहा आसांवर जवळजवळ सारखे, प्रत्येकी १९ टनांच्या आत, वाटले गेले नाही तर रूळच ते सोसणार नाही. जनित्र इथे का, रेडिएटर तिथे का, टाकी मध्येच का, याचे अर्धे उत्तर या वाटणीत आहे. म्हणजे शुद्ध घाटाचा विचार करणाऱ्यालाही इथे भरपूर खाद्य आहे. पण उरलेले अर्धे उत्तर उपयोगात, खर्चात आणि माणसामाणसांतल्या पायऱ्यांत आहे, आणि ते बाजूला ठेवले तर पहिले अर्धेही नीट कळत नाही. घाट आणि आशय यांवरचा आपला जुना वाद बहुतेक वेळा कवितेच्या चार ओळींवर लढवला जातो. तो कधीतरी शंभर टनांच्या वस्तूवर लढवून पाहावा. दोन्ही पक्षांची भाषा ताळ्यावर येईल.

यावर एक आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. यंत्राचे वर्णन हे माहितीपुस्तिकेचे काम आहे. साहित्याने प्रतिमा घडवावी. आक्षेपात तथ्य आहे. प्रतिमेचे सामर्थ्य मी नाकारत नाही, आणि प्रत्येक कवीने शेडमध्ये उमेदवारी करावी असेही माझे म्हणणे नाही. परंतु माहितीपुस्तिका चालवायचे कसे ते सांगते. उजवीकडच्या खिडकीतून हाक देणाऱ्याचा घसा कसा सुकतो ते सांगत नाही. दुसरीकडे, आत न गेलेली प्रतिमा लवकर शिळी होते. आपल्याकडचे 'यंत्रयुगाचे भीषण चक्र' आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यात कोणाचेही बोट सापडत नाही. डब्ल्यूडीएम-२ चा खटका एकदम वरच्या नॉचवर नेला की इंधन तत्काळ वाढते, पण हवा पुरवणारा टर्बो वेग घ्यायला वेळ लावतो. त्या मधल्या क्षणांत अर्धवट जळलेल्या तेलाचा काळा लोट धुराड्यातून उसळतो. मागणी आणि श्वास यांच्यातले हे अंतर ज्याला ठाऊक आहे तो धुराविषयी काही वेगळे लिहील. ज्याला ठाऊक नाही तो पुन्हा एकदा 'काळाकुट्ट धूर' लिहील.

हे सारे आजच का लिहावे? कारण वस्तूच हातातून निसटत आहे. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेज जाळ्याचे विद्युतीकरण २०२५ पर्यंत जवळजवळ पूर्ण झाले. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातून 'डिझेल' हा शब्द २०२० मध्ये गेला. अल्को वंशाची इंजिने भंगारात निघाली आहेत. काही थोडी जतन झाली, होत आहेत. पण जतन कशाचे होते? मध्यंतरी एका रेल्वे कार्यालयाच्या आवारात चौथऱ्यावर उभे केलेले असे एक इंजिन पाहिले. रंग ताजा, अक्षरे सोनेरी, भोवती फुलांचे वाफे. खोलीच्या दाराला कुलूप, काचांना आतून रंग फासलेला. लांब पेटीची दारे वितळजोडाने कायमची बंद केलेली. आत काय उरले आहे असे विचारले तेव्हा रखवालदार हसून म्हणाला, "आत काय असणार साहेब, उंदीर!" त्याच्या बोलण्यात विनोद होता, पण तो खोटे बोलत नव्हता. आपण यंत्राचे मुखपृष्ठ जपले आणि पाने रद्दीत दिली.

याउलट अमेरिकेत इलिनॉय रेल्वे म्युझियममध्ये ई-५ प्रकारचे जगातले एकमेव उरलेले इंजिन आपल्या मूळच्या चंदेरी डब्यांसह सांभाळलेले आहे. तिथला देश श्रीमंत आहे, छंदिष्टांकडे वेळ आणि पैसा आहे, हे मान्य. परंतु दार उघडे ठेवायला आणि आतल्या खोल्यांवर मराठीत चार पाट्या लावायला फार पैसा लागत नाही. लागते ती आत काहीतरी पाहण्याजोगे आहे ही समजूत. ती समजूत निर्माण करणे हे भाषेचे काम आहे, आणि भाषेचे काम म्हणजे आपले काम.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली, महाराष्ट्रात जिथे जिथे असे इंजिन चौथऱ्यावर आहे तिथल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी त्याचे दार उघडून मागावे आणि एका निवृत्त चालकाला व एका निवृत्त सहायकाला सोबत न्यावे. त्या मंडळींकडे या खोल्यांसाठी, आवाजांसाठी, बिघाडांसाठी शब्द आहेत. इंग्रजीचे मोडतोड करून घेतलेले, हिंदीतून आलेले, शेडमध्येच जन्मलेले. आपण ज्याला 'बोगी' म्हणतो तो आख्खा डबा, आणि त्यांची 'बोगी' म्हणजे खालचा चाकांचा गाडा. एवढ्या एका शब्दात फलाट आणि शेड यांच्यातले सारे अंतर सामावलेले आहे. हे शब्द कोणत्याही कोशात गोळा झालेले नाहीत, आणि ते वापरणारी पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे.

दुसरी सूचना अधिक लहान आहे. निबंधाच्या प्रश्नपत्रिकेत 'यंत्रयुगाचे परिणाम' या विषयाऐवजी एखाद्या वर्षी 'एका यंत्राच्या आतील मांडणी' असा विषय द्यावा. विशेषणे वर्ज्य. काय कशाच्या शेजारी आहे, आणि माणूस कुठे बसतो, एवढेच लिहायचे. विद्यार्थी प्रथम कुरकुरतील. मग त्यांच्या लक्षात येईल की 'शेजारी' हा शब्दच किती अवघड आहे.

आगगाडी हा शब्द राहू द्यावा. तो सुंदर आहे. मात्र तो उच्चारताना आग कुठे होती, ती कुठे हलवली गेली आणि ती विझल्यावर तिच्याजवळ बसणाऱ्या माणसाचे काय झाले, हे विचारण्याची सवय आपल्याला लागायला हवी. उत्तरे कुलपाआड आहेत. किल्ली मागायला निदान सुरुवात तरी करू.